तेल घट्ट होते कसे? निकेलवरील अधिशोषण आणि भुईमुगाची साठवण

भुईमुगाचे तेल पातळ असते. त्याच तेलापासून केलेले वनस्पती तूप घट्ट व रवाळ होते. हा घट्टपणा चरबी मिसळल्याने येतो, असा समज खेड्यांतून अद्याप आढळतो. तो खरा नव्हे. तेलाशी हायड्रोजन वायूचा संयोग होतो व तो घडवून आणतो निकेल धातू. जर्मनीतील व्हिल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली ही रीत पातळ तेलास लागू केली.

कारखान्यात तेल साधारणतः १५० ते २०० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. १०० किलो तेलास ५० ते २०० ग्रॅम निकेलची अतिबारीक पूड घालून दाबाखाली हायड्रोजन सोडतात व तेल सतत ढवळतात. पूड बारीक हवी, कारण सारे काम तिच्या पृष्ठभागावरच चालते. ढेकळात पाणी मुरते ते शोषण. पदार्थ नुसत्या पृष्ठभागाला धरून राहतो ते अधिशोषण. काळ्या मातीच्या कणांवर पालाश धरून राहते, काहीसे तसेच.

हायड्रोजनच्या अणूंची जोडी निकेलला चिकटताच फुटते. तेलातील वसाम्लाची साखळी आपल्या दुहेरी बंधाच्या जागी शेजारीच चिकटते. तिला प्रथम एक अणू जोडला जातो, मग दुसरा. नंतर ती सुटते व जागा मोकळी होते. दोन दुहेरी बंध असलेली साखळी अधिक घट्ट धरते, म्हणून तिचा क्रम आधी लागतो. पृष्ठभागावर हायड्रोजन अपुरा पडला तर अर्धवट जोडलेली साखळी घेतलेला अणू परत देते आणि आकार बदलून सुटते. हीच ती हृदयास अपायकारक ट्रान्स वसाम्ले. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल व वनस्पती यांतील त्यांची मर्यादा २ टक्के आहे.

आता शेतकऱ्याच्या कामाची बाब. निकेलवरील जागा मोजक्याच. मोहरीच्या तेलातील गंधकयुक्त द्रव्ये त्या बळकावून बसली की सोडीत नाहीत. कच्च्या तेलातील चिकट द्रव्येही त्या अडवितात. मुक्त वसाम्ले तर निकेललाच खाऊन त्याचा साबण करतात. म्हणून कारखानदार आधी कॉस्टिक सोड्याने ही आम्लता काढतो. त्या साबणाबरोबर काही चांगले तेलही वाया जाते, आणि ही घट मालाच्या भावातून वजा होते.

ही आम्लता येते कोठून? ओल्या शेंगा, फुटके दाणे, कीड व बुरशी यांमुळे दाण्यातील तेलाचे विघटन होते. यास्तव उपटलेल्या शेंगांतील ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत त्या वाळवाव्यात. शेंग कानाशी हलविली असता दाणा खुळखुळला व चोळताच त्याचे टरफल सुटले, म्हणजे वाळवण झाली असे समजावे. ग्रामसेवकांनी हे प्रत्यक्ष करून दाखवावे. दाणे फोडून ठेवण्यापेक्षा शेंगाच साठवाव्यात. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत.

वनस्पती तुपासाठी आज बहुतांशी पामतेल वापरतात, तेव्हा एवढी काळजी कशास, असे कोणी विचारील. परंतु घाण्यावरील गाळीव तेलाची आम्लता कोणीच काढीत नाही. ती तशीच खाणाऱ्याच्या ताटात येते.