फोनवरच्या कामाचं मोजमाप

पणदरे गावाच्या परिसरातल्या ऊस उत्पादकाने १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फिरवला, तर किसान कॉल सेंटरवरचा कृषी पदवीधर मराठीत बोलतो. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा सकाळी ६ ते रात्री १० मोफत मिळते. जिल्हा, तालुका, पीक, प्रश्न आणि दिलेलं उत्तर यांची नोंद होते. अडलेला प्रश्न वरच्या तज्ज्ञाकडे जातो.

असा फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याला जोखण्याची मापं कॉल सेंटरमध्ये साधारण ठरलेली असतात: एका कॉलचा सरासरी वेळ, नंतरच्या नोंदींचा वेळ, पहिल्याच फोनवर सुटलेल्या अडचणी, ठरल्या वेळी जागेवर असणं. शिवाय पर्यवेक्षक निवडक रेकॉर्डिंग ऐकून गुण देतो.

ग्राहक किती वेळ ताटकळला, याचा दोष मात्र फोन घेणाऱ्यावर टाकू नये. किती माणसं बसवायची हा व्यवस्थापनाचा निर्णय आहे आणि त्याचं गणित डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग यांनी १९१७ मध्येच मांडलं. दूरसंचार नियामक ट्रायनेही कंपन्यांवरच बंधन घातलं आहे: ऑपरेटरशी बोलण्यासाठीचे ९५ टक्के कॉल ९० सेकंदांत उचलावेत.

मापांपैकी एका कॉलच्या सरासरी वेळेचा धाक सर्वांत घातक. ऊस पिवळा पडतोय म्हटल्यावर हुमणी अळी, पाण्याचा ताण की लोहाची कमतरता, हे ओळखायला एकामागून एक प्रश्न विचारावेच लागतात. घाईत औषधाचं नाव सांगणारा कागदावर तेज दिसतो आणि शेतकऱ्याचा खर्च वाया जातो. त्याच पिकासाठी त्याच शेतकऱ्याचा पुन्हा फोन आला का, हे नोंदींतून तपासता येतं. गुणांत या तपासणीला पहिलं स्थान हवं.