एच. पायलोरी पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर का?

आमच्या छावणीतल्या एका मित्राने रात्री अकराला व्हॉट्सॲपवर आईच्या एंडोस्कोपी रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली मेसेज: "एच. पायलोरी पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर का रे?" त्याने गुगल केलं होतं आणि 'गॅस्ट्रिक लिम्फोमा' हे शब्द दिसल्यावर पठ्ठ्याची झोपच उडाली. रिपोर्टमध्ये लिम्फोमाचं नावही नव्हतं. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण हा संबंध काय आहे ते वाचायला बसलो आणि पहाटेपर्यंत वाचत राहिलो.

पोटातल्या ॲसिडमध्ये बॅक्टेरिया टिकत नाहीत असं बरीच वर्षं मानलं जायचं. एच. पायलोरी टिकतो, कारण तो युरिएज नावाचं एन्झाइम बनवतो. त्यातून अमोनिया तयार होतो आणि त्याच्याभोवतीचं ॲसिड निकामी होतं. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल तो लॅबमध्ये वाढवायला बघत होते. दोन दिवसांत काही दिसलं नाही की प्लेट्स फेकून दिल्या जायच्या. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे प्लेट्स जास्त दिवस राहून गेल्या आणि बॅक्टेरिया उगवला. आमच्या भाषेत सांगायचं तर टाइमआउट कमी ठेवला होता! दोघांना 2005 चं नोबेल मिळालं.

लिम्फोमाचं कोडं मात्र पीटर आयझॅकसन या पॅथॉलॉजिस्टने सोडवलं. 1983 मध्ये त्यांनी डेनिस राइट यांच्याबरोबर 'माल्ट लिम्फोमा' हा प्रकार मांडला. हा कॅन्सर लिम्फॉइड पेशींमध्ये होतो आणि गंमत म्हणजे निरोगी जठरात अशा पेशींचा साठा नसतोच. मग त्या येतात कुठून? बॅक्टेरिया ठाण मांडून बसला की शरीर त्याच्याशी लढायला त्या तिथे गोळा करतं. 1991 मध्ये अँड्र्यू वॉदरस्पून, आयझॅकसन आणि सहकाऱ्यांनी जठराच्या माल्ट लिम्फोमाचे 110 रुग्ण तपासले. 92 टक्के जणांमध्ये हा बॅक्टेरिया होता.

पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. भारतात निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात तो असतोच. खरं डीबगिंग म्हणजे संशयित काढून टाका आणि बघा. 1993 मध्ये त्यांनी तेच केलं: सहा रुग्णांना बॅक्टेरिया मारायची औषधं दिली, पाच जणांमधला लिम्फोमा दिसेनासा झाला. कॅन्सर, आणि तोही अँटिबायोटिकने! मी ते वाक्य दोनदा वाचलं.

कारण असं. टी पेशी बॅक्टेरियाला ओळखतात आणि बी पेशींना 'वाढा' असा सिग्नल देतात. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की कॉपी होताना चुका होतात आणि एखादी बी पेशी बिघडते. सुरुवातीला तीही त्या सिग्नलवरच जगते. बॅक्टेरिया गेला की सिग्नल बंद, वाढ बंद. काही रुग्णांत मात्र क्रोमोसोम 11 आणि 18 चे तुकडे आपसात बदलतात आणि वाढीचं बटण कायमचं चालू राहतं. तिथे ही औषधं बहुतेक वेळा पुरत नाहीत, रेडिएशनसारखे उपाय लागतात. एरवी सुरुवातीच्या टप्प्यात साधारण चारपैकी तीन जणांचा लिम्फोमा जातो. लगेच नाही, कित्येक महिने लागतात आणि एंडोस्कोपी पुन्हा पुन्हा करावी लागते.

मित्राला एवढंच लिहिलं: बॅक्टेरिया सर्रास असतो, हा लिम्फोमा दुर्मीळ. काकूंना अल्सर निघाला होता, त्यासाठी चौदा दिवसांचा कोर्स होता. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, तोंड कडू पडतं, आता बरं वाटतंय, बास झालं. खरी भीती इथे होती. अर्धवट कोर्समध्ये जे बॅक्टेरिया वाचतात त्यांच्यावर पुढच्या वेळी तेच औषध चालेल याची खात्री नसते. मित्राने डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनी समजावलं आणि काकूंनी कोर्स पुरा केला.

आता ब्रेथ टेस्ट आहे. त्यात खास कार्बन असलेला युरिया प्यायला देतात. बॅक्टेरिया शिल्लक असेल तर तो युरिया फोडतो आणि तो कार्बन श्वासात सापडतो. ही टेस्ट कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी करायची असते आणि त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोलसारख्या ॲसिडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवायच्या असतात. नाहीतर बॅक्टेरिया असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. काकू ती गोळी सवयीने घेतात, म्हणून मित्राने त्यांच्या फोनमध्ये रोज सकाळी सातचा अलार्म लावलाय: "आई, गोळी नाही."