गाण्यावरून माणूस ओळखावा काय?

पावसाळा सुरू झाला म्हणजे कॉलेजेही सुरू होतात. खेड्यापाड्यांतली मुले-मुली जिल्ह्याच्या गावी जातात. वसतिगृहाच्या एका खोलीत चार अनोळखी पोरे एकत्र येतात. नाव-गाव विचारून झाले की लगेच प्रश्न येतो, "तू गाणी कोणती ऐकतोस?"

प्रश्न साधा दिसतो. पण उत्तर ऐकून जो तो मनात एक पाटी लिहून ठेवतो. लावणी म्हटले की गावठी, भजन म्हटले की म्हातारा, ख्याल म्हटले की शिष्ट आणि इंग्रजी गाणे म्हटले की फॅशनवाला! म्हणून पुष्कळ मुले खरे सांगतच नाहीत. चारचौघांत चालेल ते नाव घेतात, आणि आपले गाणे रात्री मोबाइलवर हळूच ऐकतात.

असे का होते? अनोळखी माणसाशी कसे वागावे हे ठरवायला काहीतरी खूण लागते. घरची सांपत्तिक स्थिती, जातपात हे उघड विचारणे बरे दिसत नाही. गाणे मात्र विचारता येते. बरेचदा गाण्याच्या आडून तेच प्रश्न विचारलेले असतात.

बरे, ही खूण अगदीच खोटी असते असेही नाही. ज्याच्या गावात पहाटे काकडा होतो, जत्रेत तमाशाचा फड येतो, त्याचा कान तिथेच तयार होतो. पण कान कुठे तयार झाला एवढेच गाणे सांगते. अक्कल, वागणूक आणि अभ्यासाची तयारी त्यावरून कळत नाही.

शिवाय या पाट्या तरी कायमच्या कुठे असतात? आपल्या रेडिओचेच पाहा. भजनी मंडळाच्या पेटीतून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, म्हणून १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ दिसेनाशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि तीच गाणी सन्मानाने परत आली. गाणी होती तीच होती. बदलली ती पाटी.

माणूसही एका पाटीत मावत नाही. पेशवाईतले सोलापूरचे राम जोशी संस्कृत जाणणारे होते. त्यांनी लावण्या रचल्या आणि कीर्तनेही केली. त्यांच्यावरच्या १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटाची गाणी लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. त्याच माडगूळकरांचे छप्पन्न गीतांचे 'गीतरामायण' १९५५ पासून पुणे केंद्राने घरोघर पोचवले. आता त्यांना गावठी म्हणायचे की सोज्वळ?

शिक्षक बंधुभगिनींनो, यात आपले काम काय? स्नेहसंमेलनाची निवड करताना "तू खेड्यातला ना, मग तू गोंधळ म्हण" असे आपण सहज बोलून जातो. हेतू चांगला असतो, पण हीही पाटीच झाली. त्या मुलाला कदाचित गझल म्हणायची असेल. त्याला आधी विचारावे. आणि कुणी गावाकडचे गाणे म्हटलेच, तर त्यातले शब्द, ताल, ते कोणत्या प्रसंगी म्हणतात, हे त्यालाच वर्गाला समजावून सांगू द्यावे. ऐकणाऱ्यांचे हसू आपोआप थांबते, कारण त्या विषयात तोच जाणकार असतो.

कॉलेजात जाणाऱ्या मुलांना एवढेच सांगणे, की नवे गाणे आवडू लागले तर खुशाल आवडू द्या. शिकायला आलात, कानानेही शिका. पण त्यासाठी जुने लपवू नका. आजीच्या तोंडची जात्यावरची ओवी कुठल्या वहीत नसते, की कुठल्या मोबाइलवर सापडत नाही. चार वर्षे ती ओठांवर आली नाही, तर विसरायला होते. आणि तोवर आजीही राहिलेली नसते. या सुट्टीत घरी आलात, की ती तिच्याकडून उतरवून घ्या आणि परत जाताना बरोबर न्या.