वीस गोधड्या आणि एक एन्ट्री

नाताळच्या सुट्टीत एकलहऱ्याला घरी आले, तर कॉलनीत गाण्यांच्या बालनाट्याची तालीम जोरात. नाटक एका ताईंनीच लिहिलेलं. चेटकीण अर्थातच आहे. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’पासून चेटकिणीशिवाय आपल्याकडे पोरांचं भागत नाही.

माझी आठ वर्षांची भाची दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते. गाणं संपलं की एक वाक्य ऐकून तिने एन्ट्री घ्यायची. तीनदा चुकली. ‘दुसऱ्या कुणाला देऊया का?’ अशी कुजबुज सुरू झाली. घरी मात्र तेच वाक्य तिला शेजारच्या खोलीतून कळायचं. म्हणजे गडबड हॉलची होती.

रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवा. आवाज भिंतींवर आपटत रेंगाळतो, तो निनाद. आवाज 60 डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. तो लांबला की आधीच्या अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरावर पडतं. आपला मेंदू बरंचसं निस्तरतो. पण श्रवणयंत्र शब्दासोबत शेपूटही मोठं करतं.

1895 मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात हाच त्रास होता. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि आवाज किती वेळात विरतो ते मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र: निनादकाल = 0.16 × घनफळ ÷ एकूण शोषण.

आमचा हॉल 15 × 10 × 6 मीटर, म्हणजे 900 घनमीटर. गिलावा, फरशी, पत्रा यांचं शोषण अंदाजे 45 चौ.मी. धरलं, तर 3.2 सेकंद. बोलणं नीट कळायला साधारण एक सेकंद हवा.

मग घरोघरी फिरून वीस गोधड्या गोळा केल्या. प्रत्येकी 3 चौ.मी., आणि निम्मा आवाज गिळतात असं मानलं, तर शोषण 75 वर जातं, निनादकाल 1.9 वर येतो. भिंतीला चिकटवायच्या नाहीत, वीतभर पुढे दोरीवर टांगायच्या. भिंतीलगत हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत, आणि कापड आवाज शोषतं ते हलत्या हवेशी घर्षण होऊनच.

उरलेलं काम प्रेक्षकांनी केलं. माणूस स्वतःच साधारण 0.45 चौ.मी. शोषतो, त्यात डिसेंबरचे स्वेटर-शाली. दोनशे लोक बसले की गणित एका सेकंदाच्या खाली जातं.

प्रयोगाला एन्ट्री अगदी वेळेवर झाली. स्वतःचं वाक्य मात्र ती विसरली, आणि गाण्याच्याच चालीत काहीतरी भलतंच जुळवून गायली. चेटकीणसुद्धा हसली.