इमारतीतला दुभाषी

मोठ्या रुग्णालयात आपण पाऊल टाकतो तेव्हा भिंतींच्या आड एक अखंड संभाषण चाललेले असते, याची आपणांस सहसा कल्पना नसते. वातानुकूलन, पाण्याचे पंप, वीजमापक, औषधांची शीतकपाटे ही सारी आपापली खबर नियंत्रणकक्षाला देत असतात. अडचण एवढीच, की ती एका भाषेत बोलत नाहीत. मापक पुष्कळदा ‘मॉडबस’ बोलतो. ती १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने कारखान्यांतील नियंत्रकांसाठी घडविली. नियंत्रणकक्ष बहुधा ‘बॅकनेट’ बोलतो; ‘अ‍ॅश्रे’ या वातानुकूलन-अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने १९८७ मध्ये तिचे काम हाती घेतले आणि १९९५ मध्ये तिला प्रमाण रूप दिले. या दोहोंमध्ये बसणारा दुभाषी म्हणजे गेटवे.

हा दुभाषी शहाणा असतो असे मात्र समजू नये. मॉडबसच्या क्रमांकित रकान्यात नुसता ‘५३’ असा आकडा असतो. तो ५.३ अंश आहे की ५३ टक्के, हे रकाना सांगत नाही. बॅकनेटला तर प्रत्येक नोंदीला नाव हवे, एकक हवे. म्हणून कोणता रकाना कोणत्या नावाने, कोणत्या एककात पोचवायचा, याचा तक्ता माणसालाच भरून द्यावा लागतो. गेटवे बसविणे म्हणजे मुख्यतः हा तक्ता बिनचूक करणे होय.

मॉडबसची तार बहुधा पिळलेल्या जोडीची असते. ती साखळीसारखी एका यंत्राकडून दुसऱ्याकडे न्यावी, झाडासारख्या फांद्या फोडू नयेत. लांबी सुमारे १२०० मीटरपर्यंत चालते. दोन्ही टोकांना, आणि टोकांनाच, १२० ओहमचा रोध जोडावा. सर्व यंत्रांचा वेग एक असावा, प्रत्येकाचा पत्ता १ ते २४७ मधला व निराळा असावा.

बिघाड शोधताना आधी विचारावे : कोण गप्प आहे? सगळेच गप्प असतील तर तारांची अदलाबदल किंवा वेग तपासावा. एकच गप्प असेल तर त्याचा पत्ता पाहावा. एका पत्त्यावर दोघे राहत असतील तर दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळते. नियंत्रणकक्षाला गेटवेच दिसत नसेल, तर कारण निराळे. बॅकनेटची ‘कोण आहे?’ ही दवंडी जाळ्याच्या वेशीपाशी थांबते. ती पलीकडे नेणारा निरोप्या नेमावा लागतो.

पण गप्प यंत्रापेक्षा खोटे बोलणारे यंत्र अधिक घातक. माहितीपुस्तिका रकाने एकपासून मोजते, तारेवर ते शून्यापासून मोजले जातात. मग शेजारचाच आकडा हाती येतो. मोठी संख्या दोन रकान्यांत विभागलेली असते. त्यांचा क्रम उलटला की काहीतरी भलतेच दिसते. उणे एक हा आकडा, चिन्ह सांगितले नाही तर, ६५५३५ असा वाचला जातो.

सर्वांत मोठा धोका आमच्या मते याहून शांत आहे. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. शीतकपाटाची तार तुटली, आणि गेटवेने शेवटचा ‘५ अंश’ हा आकडाच धरून ठेवला, तर नियंत्रणकक्ष निर्धास्त राहील आणि लस मात्र तापत जाईल. म्हणून उत्तर थांबताच आकडा अविश्वसनीय ठरावा आणि धोक्याची सूचना वाजावी, अशी योजना आधीच करावी. ती खरी आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग एकच : मुद्दाम तार काढून पाहणे.

हे काम तंत्रज्ञांचे, हे खरे. परंतु सार्वजनिक पैशाने उभारलेले रुग्णालय ताब्यात घेतले जाते, तेव्हा दोन प्रश्न विचारण्यास तंत्रज्ञ असावे लागत नाही. तक्ता लिहून ठेवला आहे काय? आणि तार काढून पाहिली आहे काय? हे प्रश्न आपण विचारीत जावे, एवढेच आमचे सांगणे आहे.