जुन्या हत्यारांची ओळख

जुन्या बाजारांत मिळालेलें अनोळखी हत्यार कशासाठीं घडविलें, याच्या खुणा त्याच्या अंगावरच असतात; त्या वाचतां मात्र आल्या पाहिजेत.

प्रथम धार पाहावी. एकाच बाजूनें उतार दिलेली रुंद पात्याची कुऱ्हाड झाड तोडण्याची नव्हे, ओंडक्याची बाजू तासून सपाट करण्याची होय. तासतांना बोटें लांकडावर घासूं नयेत म्हणून तिचा दांडा पुष्कळदां एका अंगास वांकविलेला असतो. नंतर झीज पाहावी. माथा ठोकून पसरला असेल, तर तें हत्यार हातोड्यानें चालविलेलें. माथा अभंग व मूठ गुळगुळीत असेल, तर बहुधा हातानें रेटलेलें.

शेवटीं छाप. अमेरिकेंतील स्टॅन्ले कंपनीच्या कांहीं लोखंडी रंध्यांवर पात्यामागें १९०२ व १९१० सालांतील तारखा ओतलेल्या असतात. त्या पेटंटच्या होत, घडणीच्या नव्हेत. रंधा त्यांतील शेवटच्या तारखेच्या आधींचा नाहीं, एवढेंच त्यांवरून ठरतें. ब्रिटिश हत्यारावरील बाणाच्या टोंकाची खूण सरकारी मालकी दर्शविते. इंग्लंडांतील लांकडी रंध्यांच्या पुढील टोंकावर तर कारखानदाराच्या नांवाशेजारीं एकामागून एक झालेल्या मालकांचींहि नांवें ठोकलेलीं आढळतात.

हे छाप उथळ असतात. गंज दिसतांच पॉलिशकागद घेऊन बसणारा मनुष्य गंजाबरोबर हीं नांवेंहि घासून टाकतो, आणि मग त्या हत्याराची ओळख पटविण्याचें साधन उरत नाहीं. म्हणून आधीं तेल लावून मऊ चिंधीनें पुसावें, छाप उतरून घ्यावा, आणि मगच धारेला हात घालावा.