विरघळले म्हणजे बरोबर झाले, असे नाही



14 एप्रिलच्या मिरवणुकीत सरबत वाटायचे काम एका वर्षी आमच्याकडे होते. ड्रममध्ये आधी बर्फ पडला, साखर मागून. पुढच्या रांगेतल्यांनी तोंड वाकडे करून विचारले, "ताई, साखर विसरलात का?" आणि ड्रम तळाला गेला तेव्हा उरलेले सरबत पाकासारखे गोड लागत होते. थंड पाण्यात साखर सावकाश विरघळते, ढवळायला कुणी थांबले नाही, म्हणून ती खाली बसून राहिली. बुद्ध पौर्णिमेच्या खिरीत असे होत नाही, कारण खीर गरम असते आणि डाव सतत फिरत असतो.

सरबताचे हसण्यावारी गेले. जुलाब झालेल्या लेकराच्या पेल्यात मात्र याच्या उलट चूक होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

दापोड्यात गोदामे आहेत, पॅकिंगच्या पाळ्या आहेत. आई पाळीवर जाते, लेकरू आजीकडे राहते. पावसाळ्यात एका घरी आम्ही गेलो तेव्हा दीड वर्षाचे मूल सारखे पाणी मागत होते, किरकिर करत होते, अंग गरम होते. आजीने ओआरएसचे आख्खे पाकीट एका पेल्यात कालवून पाजले होते. पाकीट होते एक लिटरचे. आजी म्हणाल्या, "बाई, कण पण दिसत नव्हता, चांगलं विरघळलं होतं." मुलाला लगेच दवाखान्यात नेले, ते बरे झाले. चूक आजींची नव्हती. वस्तीच्या बैठकीत आम्हीच "नीट विरघळवा" एवढे बजावले होते. किती पाण्यात, हे ठासून सांगितले नव्हते.

म्हणून आता नीट सांगतो. साध्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 360 ग्रॅम मीठ मावते. त्यापुढचे मीठ कितीही ढवळा, तळाशीच राहते. साखर तर त्याच पाण्यात सुमारे दोन किलो विरघळते. ओआरएसच्या लिटरच्या पाकिटात सगळे मिळून 20.5 ग्रॅम असते आणि त्यात मीठ फक्त 2.6 ग्रॅम. म्हणजे अशी पाच पाकिटे एका लिटरात ओतली तरी पाणी नितळच दिसेल. पाणी किती घेऊ शकते आणि लेकराचे आतडे किती सोसू शकते, यांचा एकमेकांशी संबंध नाही. नितळपणा पाहून प्रमाण कळत नाही, ते मोजूनच कळते.

पाणी गरम केले की साखर जास्त मावते आणि लवकर विरघळते. मिठाचे तसे नाही. उकळत्या पाण्यातही ते थोडेसेच जास्त मावते. ढवळल्याने किंवा बारीक कुटल्याने वेग वाढतो, पण मावायची हद्द वाढत नाही. वायूची गोष्ट उलटी: सोड्याची बाटली उन्हात राहिली की उघडताच फसफसते, कारण गरम पाण्यात वायू कमी मावतो.

आता आतड्यात काय होते ते पाहू. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र आले की आतड्याच्या भिंतीतून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा उघडी राहते. पण पेल्यातले पाणी फार दाट असेल तर उलटे घडते. शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते, जुलाब वाढतात, रक्तात मीठ चढते. जास्त चढले तर झटके येऊ शकतात.

या साध्या पाण्याची ताकद 1971 साली दिसली. बांगलादेशच्या लढ्यातून आलेले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये बनगावला होते, कॉलरा पसरला होता आणि सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाकिटे भरून घेतली. पाणी ड्रममध्ये कालवले आणि पेले भरून पाजायचे काम रुग्णांच्या नातेवाइकांकडे दिले. 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू 4 टक्क्यांच्या खाली आले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पाजणारे हात घरच्यांचेच होते, मोजमाप मात्र पक्के होते.

घरी असे करा. पाकीट हातात घेतले की आधी वाचा: एक लिटरचे की 200 मिलीचे? दोन्ही मेडिकलवर मिळतात. पाणी आधी उकळून थंड करा, मग पावडर टाका. पावडर टाकल्यावर उकळू नका, पाण्याची वाफ जाते आणि उरलेले दाट होते. पेल्याचा अंदाज घेऊ नका, लिटरची बाटली स्वच्छ धुऊन वापरा. अर्धे पाकीट आज, अर्धे उद्या असेही नको. वरून साखर नको, दुधात किंवा कोल्ड्रिंकमध्ये नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. खडेमीठ असेल तर आधी बारीक करा, नाहीतर चमच्याचे माप चुकते. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा कप, चमच्याने, थोडे थोडे. अंगावरचे दूध चालू ठेवा. मूल सुस्त पडले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले किंवा लघवी थांबली, तर घरी थांबू नका.

झिंकची गोळी चमचाभर पाण्यात टाकली की पाणी गढूळ होते. ती पूर्ण विरघळत नाही, फुटून पसरते. ढवळून लगेच पाजा आणि चमच्याला चिकटलेलेही पाजा. जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायची.

लहान मुलांच्या पावडरीच्या अँटिबायोटिक बाटलीचेही तसेच. बाटलीवरच्या खुणेपर्यंत उकळून गार केलेले पाणी भरतात, पण औषध पाण्यात तरंगत असते आणि ठेवले की खाली बसते. न हलवता दिले तर पहिले डोस पातळ आणि शेवटचे जास्त कडक, थेट आमच्या सरबताच्या ड्रमासारखे. म्हणून दर वेळी आधी हलवा, मग मापात ओता. आणि कालवलेले ओआरएस 24 तासांनी ओतून द्या. बाटलीवर वेळ लिहून ठेवली तर पाळीवरून आलेल्या आईला विचारावे लागत नाही.